भरल्या टाकीची पहिली फेरी

गेनू, ये बरं इकडं. असा दारात उभा राहू नकोस. हात काळे आहेत, पाय काळे आहेत, सारवण खराब होईल, ही तुझी नेहमीची कारणं आज चालायची नाहीत. सारवण माझं आहे, मी पुन्हा सारवीन. जवळ ये, बस. आणि बसलास की मान खाली घालून नखातलं ग्रीस उकरू नकोस, मी बोलते तेव्हा माझ्याकडं बघ. असं कुणी जातं का रे? माणूस बाजाराला निघालं तरी चुलीपाशी डोकावून सांगतं, अक्का, येतो. तू पाण्याची गाडी घेऊन गेलास आणि तिकडच्या तिकडंच गेलास. मोठ्या बहिणीशी असं वागतात?

सख्खी नाही मी तुझी, मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं भाऊबीजेला माझ्या पाटावर बसत होतास, ते काय नुसत्या करंजीसाठी?

अजून मला पटलेलं नाही. दहावा झाला, पिंडाला कावळा शिवला, मी समोर उभी होते. तरी कुणीतरी मागून ढकलावं आणि पडता पडता पायाखाली जमीनच लागू नये, तसं माझं चाललंय. परवा वाडग्यातून पान्याचा आवाज आला. मी आतून ओरडले, "गेनू, भाकर गार व्हायलीय." बाहेर माझा लेक वसंता होता. तो आत आला, हात धुतले, निमूट भाकरी खाल्ली आणि गेला. त्याची जेवायची वेळसुद्धा झालेली नव्हती.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा आलास ते? लढाई संपली होती आणि लढाईतल्या जुन्या गाड्या सरकारनं नगरला लिलावात काढल्या होत्या. डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचे त्यांना. आमच्या मालकांना काय वाटलं कोण जाणे, म्हशी विकून त्यांनी त्यातली एक घेतली. आता म्हशी गेल्या म्हणजे त्यांचं वाडगं गाडीला मोकळंच होतं. मी म्हटलं, म्हशी दूध देत होत्या, ही काय देणार? मालक म्हणाले, बघशील. राहुरीपर्यंत ती आपल्या पायांनी आली आणि तिथं बसली. मग पुढं बैल जुंपले. अख्खं बेलापूर रस्त्याला उभं होतं. पुढं बैलांच्या दोन जोड्या, मागं ती हिरवी गाडी, आणि तिच्या स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून तू, साहेबासारखा बसलेला, अंगात मिलिटरीचा फाटका शर्ट. मी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन ओवाळायला आले, तर मला कळेना ओवाळायचं कुणाला. तू वरून म्हणालास, "अक्का, आधी बैलं. गाडीला राग येत न्हाई."

मला त्याआधी कुणी अक्का म्हटलं नव्हतं. मी घरात धाकटी.

मालकांनी तुला गाडीबरोबर चार दिवसांसाठी आणलं होतं. ती सुरू करून दे आणि जा. पाथर्डीकडं तुझं घर, कोरडी जमीन, तिथं काही पिकत नव्हतं म्हणून तू पलटणीच्या वर्कशॉपमध्ये गेला होतास आणि तिथं शिकला होतास. चार दिवस झाले, तू गेला नाहीस. गाडी सुरू झाली, तरी गेला नाहीस. मग दुसरी गाडी आली, तिसरी आली. तू कौसाला लग्न करून आणलंस, ती हंगामाला ऊस तोडायला इकडं यायची आणि हंगाम सरला की गावाकडं जायची, सासू-सासऱ्यांना आणि त्या दोन एकरांना धरून. तू मात्र इथंच. मालक गेले त्या वर्षी मी म्हटलं होतं, "आता तू जा बाबा, तुझं तू बघ." तू गाडीखाली होतास. नुसते पाय दिसत होते. खालून म्हणालास, "अक्का, चौदाचा पाना दे." झालं बोलणं. मी चौदाचा पाना दिला.

पाना कुठला, हे मला तुझ्यामुळं कळायला लागलं. शाळेची पायरी मी चढले नाही. वसंताच्या पुस्तकातून मी अक्षरं लावली आणि तुझ्या पान्यांवरून आकडे.

आता जे सांगायचं ते सांगते, तू मधे बोलू नकोस. तुला सगळं ठाऊक नाही. तुझ्यामागं काय झालं ते तुला कुणी सांगितलं असणार?

आधी आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय, आणि माझी बाजू मला पुरी मांडायची आहे. आपल्या वाडग्याचा नियम तूच केलास, की गाडीला ज्यानं हात लावला त्यानं पहिल्या फेरीला त्या गाडीत बसायचं. रिकाम्या नाही, भरल्या गाडीत. ब्रेक तू बांधलास तर तू बस, इंजिन तू उघडलंस तर तू बस. काही झालं तर आधी आपल्याला होऊ दे. नियम चांगला आहे, मी कधी नाही म्हटलं? पण माणसाचं वय होतं. पाऊस दोन वर्षं नाही, ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. आणि तुझ्या त्या गाड्यांना दारं नाहीत, बसायला नुसती लोखंडी पट्टी, तू आपला पंचा कंबरेभोवती घेऊन मागच्या गजाला बांधायचास, पडू नये म्हणून. मी म्हटलं, या वेळी शांतवनाला एकट्याला जाऊ दे. श्रीरामपूरचा आपला शांतवन, इतकी वर्षं आपल्या गाड्या हाकतो, त्याला काय कळत नाही?

तू म्हणालास, "शांतवनला इंजिन ऐकू येतं अक्का. गाडी ऐकू येत न्हाई."

"इंजिन येगळं आन् गाडी येगळी का?"

"मानूस येगळं आन् त्याचा खोकला येगळा."

"तुलाच खोकला हाय, त्याचं बघ की."

"ह्यो धुरळ्याचा हाय. आल्यावर बोलू."

आणि पंचा बांधलास. शांतवन हँडल मारत होता, मला बघून हसला. मी म्हटलं, "हसतोस काय, तुझा उस्ताद ऐकत न्हाई." तो म्हणाला, "अक्का, ऐकायचंच तर काम हाय त्याचं." गाडी निघाली. ती आवाज करत गेली, मी धुरळ्यात उभी. मी रागात होते रे. राग खोटा नव्हता, तो मी मागं घेत नाही. आजही माझंच बरोबर आहे. पण भांडायला समोर माणूस लागतं.

संध्याकाळच्या एस.टी.नं शांतवन आला. गाडी नाही, एकटाच. मी म्हटलं, गाडी बंद पडली वाटतं, आता मिस्त्रीची जिरली. मला हसू येत होतं, खरं सांगते. तो ओट्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "अक्का, मी त्याच्याशी बोललोच न्हाई वो."

मी म्हटलं, "भांडलात का दोघं?"

"न्हाई. तो ऐकत हुता. ऐकत असला की आमी बोलत न्हाई."

हे तर मला ठाऊकच. पहिल्या फेरीला तू डोळे मिटून बसायचास. तळहात समोरच्या पत्र्यावर सपाट ठेवायचास आणि गाडी कुठं दुखतेय ते ऐकायचास. तू डोळे उघडेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मालकांनीसुद्धा एकदा काढला तर तू त्यांना गप केलं होतंस, आणि ते गप झाले होते, माझ्यासमोर कधी झाले नाहीत असे.

शांतवननं सांगितलं ते असं. तुमच्या पाथर्डीकडं डांबरी सडकेच्या कडेला मोठी विहीर आहे, तिथं टाकी भरली. तिथपर्यंत तू बोलत होतास, त्याला त्याच्या सासऱ्यावरून चिडवत होतास. टाकी काठोकाठ भरली. तिथून पुढं रस्ता नाही, वाळूचा ओढा, त्याच्यापलीकडं चढ, आणि चढावर खडी फोडायचं दुष्काळी काम. नव्या गाड्या त्या ओढ्यात रुततात. आपली डिस्पोजलची गाडी पुढच्या चाकांनीपण ओढते म्हणून तर तिला बोलावलं होतं. ओढ्याच्या काठाला तू म्हणालास, "आता गप. ऐकू दे." पत्र्यावर हात ठेवलास, डोळे मिटलेस.

गाडी ओढा उतरली, वाळूत डोलली, चढ चढली. शांतवन म्हणतो, इतकी छान गाडी त्यानं कधी हाकली नव्हती. गिअर लोण्यासारखा पडत होता. त्याला तुला सांगायचं होतं, उस्ताद, बघ कशी चाललीय. पण तू डोळे मिटलेले, मान जरा कलती, कोपऱ्याला टेकलेली, पंचा बांधलेला. तो बोलला नाही. वर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. तरी तू डोळे उघडले नाहीस. बंद गाडीसुद्धा तू ऐकायचास, गरम लोखंड आखडताना टिकटिक वाजतं ते. म्हणून त्यानं खाली उतरताना पायरीवर पायसुद्धा वाजवला नाही. लोकांना बोटानं खूण केली, हळू.

आणि लोक हळू झाले. हे मला अजून डोळ्यांपुढं येतं गेनू, मी तिथं नव्हते तरी. खडी फोडणारी अख्खी वस्ती, हंडे-कळश्या घेऊन रांगेत, पाण्यासाठी जिथं एरवी डोकी फुटतात, तिथं सगळे कुजबुजत पाणी भरतायत, कारण मिस्त्री ऐकतोय.

रांगेत तुझी कौसा होती. तिनं शांतवनाला चिडवलं, "तुमच्या मिस्त्रीला म्हनावं, बायकू हंडा घिऊन उभी हाय, एक डोळा तरी उघडा." शांतवननं ओठावर बोट ठेवलं. ती हसली. तिनं आपला हंडा भरला, कडेला ठेवला, पेलाभर पाणी घेतलं आणि तुझ्या बाजूला गेली. पेला तुझ्या हाताला लावला.

मग ती नुसती उभी राहिली, शांतवन म्हणतो. पेला सांडला नाही तिनं. परत हंड्यात ओतला आणि मग खाली बसली.

शांतवन मला सांगत होता आणि पुन्हा पुन्हा तेच, मी बोललो असतो तर, मी हाक मारली असती तर. मी म्हटलं, "तुला त्यानंच गप बस म्हनून सांगितलं हुतं ना?" तो म्हणाला, "व्हय." मी म्हटलं, "मग झालं." माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. मी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. मी भांडी घासली. मला रडू आलं नाही. मी सारखी मनात म्हणत होते, डोळे मिटलेत त्याचे, उघडेल. आम्हाला तुझे डोळे मिटलेले बघायची इतकी सवय होती, हाच तर घात झाला.

मी पोचेपर्यंत तुझं सगळं आवरलं होतं. उन्हाळ्यात थांबत नाहीत. मला तुझं तोंड बघायला मिळालं नाही. त्याचा राग कुणावर काढायचा, हे मला सापडेना, म्हणून मी कौसावर काढला. म्हटलं, "माझी वाट बघाया काय झालतं?" ती म्हणाली, "अक्का, तुमची वाट बघितली असती, पर त्यांला उनात कसं ठिवू?" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो का? नाही. ती उठली, मला पाणी दिलं. त्याच टाकीतलं. गोड होतं रे पाणी.

निघताना ती म्हणाली, "दुसरी गाडी कंदी धाडता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिच्याकडं बघत राहिले. कपाळ उघडं, डोळे सुजलेले, आणि ही गाडीचं विचारते. ती म्हणाली, "एका गाडीत वरल्या वस्तीचंच भागतं. खालचे लोक अजून झऱ्यावर वाटीवाटीनं भरत्यात. ह्यांनी दोन गाड्या सांगितल्या हुत्या अक्का. खालच्या बाया मला इचारत्यात, तुज्या मालकानं सबुद दिल्ता न्हवं? मी काय सांगू?"

शब्द दिला होतास तू. मला विचारलं होतंस का? नाही. बरं, ते जाऊ दे.

दुसरी गाडी म्हणजे ती, चिंचेखाली ठोकळ्यांवर उभी असलेली. तिचा गिअरबॉक्स तू उघडून ठेवला होतास. परत आलो की बसवतो म्हणून. तुझी कामाची पद्धत मी सांगायला नको. जे आधी निघालं ते डावीकडं, मग त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं, अशी गोणपाटावर ओळ. वरून दुसरं गोणपाट. त्या ओळीला हात लावायचा नाही, कोंबडीसुद्धा फिरकू द्यायची नाही. या गाड्यांना बाजारात सामान मिळत नाही, कंपनी तिकडं साता समुद्रापलीकडं. म्हणून तू तीन मेलेल्या गाड्यांची एक जिवंत करायचास. एकीचा दांडा, दुसरीचं दातेरी चाक, तिसरं काहीतरी स्वतः कानशीनं घासून बसवलेलं. त्यामुळं कुठलं काय, हे पुस्तकात नाही, कंपनीत नाही. त्या ओळीत आहे.

मी कौसाकडून परत आले. वाडगं बघितलं आणि बरं वाटलं. किती स्वच्छ. शेजारच्या बायकांनी झाडलं होतं, सडा घातला होता. लोक बसायला येतील म्हणून. सगळ्यांना तू हवा होतास, लोक येणारच होते. गोणपाटं झटकून माणसं बसायला घातली होती. आणि तुझी ती ओळ, सगळीच्या सगळी, एका घमेल्यात भरून चिंचेच्या बुंध्याशी ठेवलेली. वर झाकण म्हणून पत्रावळ. किती जपून ठेवलं होतं बायांनी. एकीनं मला सांगितलं, "अक्का, एक खिळा हरवू दिला न्हाई."

तेव्हा मी रडले. बातमीनं रडले नाही, कौसाकडं रडले नाही, त्या घमेल्यापाशी बसून रडले. बायांना वाटलं, बरं झालं, मोकळी झाली. मी काय सांगणार त्यांना?

वसंता संध्याकाळी जवळ येऊन बसला. तू त्याला खांद्यावर घेऊन हिंडलायस, त्याला तुझं नाव घेताना अजून जमत नाही. म्हणाला, "आई, एक बोलू? गेनूमामा होता म्हणून ह्या गाड्या गाड्या होत्या. आता लोखंड आहे. बाजारच्या दिवशी भंगारवाला येतोय. मी यायला सांगितलंय."

"आन् कौसाला काय सांगू?"

"डिझेलची नवी गाडी घेऊ, ती धाडू."

"ती वाळूत रुततीय. म्हनून तर त्यांनी आपली बोलवली."

"मग बसव तू हे," तो म्हणाला. रागानं नाही रे. थकून म्हणाला. आणि उठून गेला.

मी श्रीरामपूरहून एक मिस्त्री बोलावला. चांगला माणूस, त्यानं तुझं नाव ऐकून कानाला हात लावला. घमेल्यात बघितलं, दोन तुकडे उचलले, परत ठेवले. म्हणाला, "ह्ये कंपनीचं असतं तर मी बसवलं असतं आजी. हे त्यांनी हातानं जुळवलेलं हाय. ज्यानं जुळवलं त्यालाच ठाव." चहा घेतला, तुझ्याबद्दल चांगलं बोलला आणि सायकलवर बसून गेला.

मी घमेल्यासमोर बसले. दुसरं काय करणार होते? बाजाराला अजून अवकाश होता. एक चाक उचललं, मोठं, मोठ्या दातांचं. आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "या सासूबाई."

गेनू, तू खोलताना बोलायचास ना. मी समोर बसून मिलो निवडायचे, ती रेशनची तांबडी ज्वारी, अर्धे खडे, आणि तू मला हसवायला त्या गिअरबॉक्सचं घर करून सांगायचास. "अक्का, ह्यो मदला दांडा कारभारी. ही सासूबाई, दात बघ. ही सून, बारकी, लई पळती. दोघी एकमेकीला लागल्या की घर पेटलं, म्हनून मदी ही नणंद." मी म्हणायचे, "आन् मामंजी?" "मामंजी बेरिंग. बोलत न्हाईत, समद्यांचा भार सोसत्यात." आणि उलटा गिअर म्हणजे जावई, कारण तो आला की घर मागंच जातं. मी हसून हसून खडे निवडायचं विसरायचे आणि तू म्हणायचास, "निवड, निवड, न्हाईतर आमच्या दाताखाली येत्यात."

मला वाटायचं तू करमणूक करतोयस.

मी शांतवनाला निरोप धाडला. पहिल्या गाडीवर त्यानं आपल्या मेव्हण्याला बसवलं आणि इकडं आला. मी सांगायचं, त्यानं बसवायचं, असं ठरलं. तो गाडीखाली उताणा, मी बाजूला पाटावर. मी म्हणते, "कारभारी आधी. मग थोरल्या सूनबाई. आता नणंद." तो खालून म्हणतो, "अक्का, नणंद दोन हायत." "धाकटी, ती चेपलेली, कानशीनं घासलेली. थोरलीचं लगीन झालंय, ती पलीकडच्या दांड्यावर." तो हसला की पाना निसटायचा. आम्ही दोघं हसलो गेनू. तुझ्या दहाव्याला चार दिवस झाले नव्हते आणि आम्ही वाडग्यात हसत होतो. समोरच्या आळीतली म्हातारी थांबून बघत गेली. बघू दे.

सासूबाई एकदा उलट्या बसल्या, परत काढल्या. जावई काही केल्या आत जाईना, तासभर रुसला. मी म्हटलं, मानानं घाल, आधी तेल लाव. तेल लावल्यावर गेला. वसंता दुपारी बाहेरून आला, उभा राहून ऐकत राहिला. मग सदरा काढून खुंटीला लावला आणि शांतवनाच्या शेजारी आडवा झाला. त्याचे पाय तुझ्या पायांसारखे दिसत नाहीत, त्याचे पाय गोरे आहेत. पण गाडीखालून चार पाय दिसले आणि मला बरं वाटलं.

भंगारवाला आज आला. हातगाडा, तराजू, सगळं घेऊन. वसंताच पुढं झाला. म्हणाला, "नाही द्यायची." भंगारवाला म्हणाला, "तुमीच तर बोलवलं." वसंता म्हणाला, "हो, बोलवलं. चहा घ्या." तो चहा घेऊन गेला.

आणि वसंताशी माझं दुसरं भांडण झालं ते नियमावरून. पहिल्या फेरीला कोण बसणार? तो म्हणतो, मी. मी म्हणते, हात माझा लागलाय, तोंडी का होईना. "आई, ह्या वयात, उनात, दार नसलेल्या गाडीत?" म्हणतो. बघ, कसं ऐकावं लागतंय मला. मी त्याला सांगितलं, पंचा बांधीन. डोळे मात्र मी मिटणार नाही. मी सारखी बोलत जाणार, शांतवनालापण बोलायला लावणार, ओढ्यात, चढावर, सगळीकडं. माझ्या गाडीत कुणी गप बसायचं नाही. नियमात तेवढी दुरुस्ती मी केलीय, तुला न विचारता, तू शब्द दिलास तशी.

म्हणजे तू समजशील, सगळं झालं, गाडी निघाली. तसं नाही रे.

सगळं बसलं. झाकणाचे बोल्ट तेवढे आवळायचे राहिले. शांतवननं घमेलं पालथं केलं, तर तळाशी एक चकती निघाली. पितळेची, पातळ, हाताच्या अंगठ्याएवढं मधे भोक. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला तू पंच मारून एक ठिपका केलायस. शांतवन म्हणाला, "अक्का, ही कोन?" मी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. सगळी नाती मनात फिरवली. आत्या, मावशी, जाऊ, विहीण. कुणाचंच तोंड तिला लागेना. तू हिचं नाव घेतलं असणार, मी तेव्हा खडे निवडत असणार नाहीतर चुलीकडं उठून गेले असणार. वसंता म्हणाला, एवढ्याशा चकतीनं काय होतंय, आवळून टाकू. मग तोच म्हणाला, नको. भरल्या टाकीनं चढावर चाललेली गाडी, आत कुणीतरी कमी आहे, नको.

तर गाडी उभी आहे. चकती माझ्या पदराच्या गाठीला बांधली आहे. चालताना लागते.

लोक मला सांगतात, गेलेल्या माणसाला हाका मारू नयेत, त्याचा पाय अडकतो. अडकू दे. तुझे पाय नाहीतरी कायम गाडीखालीच. मी तुला राहायला बोलावत नाही. जेवायलासुद्धा थांबू नकोस, घाई असेल तर. सारवणाची काळजी करू नकोस. स्वप्नात ये, नाहीतर पहाटे मी सडा टाकत असते तेव्हा ये, तेव्हा तिथं दुसरं कुणी नसतं. नुसतं दारात उभं राहून एवढं सांगून जा, की ही चकती कुणाची कोण लागते आणि कुणाच्या शेजारी बसते. बाकी आम्ही बघू.

पण लवकर ये, गेनू. खालच्या वस्तीतल्या बाया कौसाला रोज विचारतायत.